फ्लॉवर, ब्लॉसम की ब्लूम?

तिन्ही शब्दांचा अर्थ शब्दकोशात ‘फूल’ असाच दिसतो. इंग्रजीत मात्र त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत.

■ फ्लॉवर : सर्वांत व्यापक शब्द. वनस्पतीचा बी धरणारा अवयव, मग तो गुलाबाचा असो वा गवताचा. लॅटिन ‘फ्लोस’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला.

■ ब्लॉसम : मुख्यतः झाडावरची, त्यातही फळझाडांवरची फुले : सफरचंद, चेरी, संत्रे. एका फुलालाही चालतो आणि झाडभर आलेल्या बहरालाही. टोकियोने 1912 मध्ये वॉशिंग्टनला भेट दिलेल्या झाडांचा वसंतातला बहर ‘चेरी ब्लॉसम’ म्हणूनच ओळखला जातो.

■ ब्लूम : सौंदर्यासाठी जोपासलेले फूल, तसेच फुललेली अवस्था. गुलाब ‘इन ब्लूम’ असतो. पाण्यात शेवाळ झपाट्याने वाढले की ‘अल्गल ब्लूम’. द्राक्षमण्यावरचा पांढुरका मेणचट थरही ब्लूमच.

■ फ्लोरेट : फुलोऱ्यातले एक छोटे फूल. सूर्यफूल वा झेंडू हे एक फूल वाटते, पण ती असंख्य फ्लोरेट्सची दाटी असते.

लिहिताना लक्षात ठेवा : आंब्याच्या मोहोरासाठी ‘मँगो ब्लॉसम’ हा नेमका शब्द. कास पठारावरच्या रानफुलांना ‘वाइल्डफ्लॉवर्स’ म्हणावे. पठार फुलले की ते ‘इन ब्लूम’. भाजीच्या फ्लॉवरला इंग्रजीत ‘कॉलिफ्लॉवर’ असे पूर्ण नावच हवे.