नऊ एकांचा वर्ग

मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग डोंबिवलीवरून निघून मलकापूर, नांदुरा, शेगांव अशीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील स्थानकें घेत पुढें जातो. ह्याच डोंबिवलीस दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ह्यांस एका संख्याजातीची कल्पना सुचली, व त्यांनीं तिला स्थानकाच्याच नांवावरून ‘डेमलो’ असें नांव दिलें. त्या जातींतील एका डौलदार संख्येची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

हिचे अंक सतरा. ‘लीलावती’ंतील स्थानांच्या नांवांप्रमाणें हिचा पहिला अंक ‘मध्य’ ह्या स्थानीं पडतो. आणखी एक पायरी चढली कीं परार्ध. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. १११११११११ ह्या नऊ एकांच्या संख्येस तिनेंच गुणिलें असतां ती येते.

हा चमत्कार नव्हे. गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. नऊ एकांची ओळ नऊ वेळां लिहावयाची व प्रत्येक वेळीं एक घर डावीकडे सरकवावयाची. उजवीकडील पहिल्या रकान्यांत एकच एक येतो, दुसऱ्यांत दोन, मधल्यांत नऊ. तेथून पुढें पुन्हां उतार. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एकांचा वर्ग केला तर मात्र मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो व उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें मोडकें निघतें.

आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ नें तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस कापरेकरांनीं ‘हर्षद’ म्हटलें आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तो १२३४५६७९ चा, म्हणजे आठ गळलेल्या अंकमालेचा, वर्ग आहे. ह्याचें कारणहि सरळ आहे : नऊ एकांस नवांनीं भागिलें कीं १२३४५६७९ च उरतात. हिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच. एकंदर भाजक ४५.

“ह्याचा उपयोग काय?” असें घरांतील वडीलधारीं माणसें विचारतील. हाच प्रश्न कापरेकरांसहि आयुष्यभर विचारण्यांत आला. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेंत शिक्षक होते. विद्वानांपैकीं कित्येकांनीं त्यांचें काम पोरखेळ मानलें. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर ह्यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें.

आमच्या मतें उपयोग आहे, आणि तो घरांतच आहे. आमच्या घरांतून गणित म्हणजे गुणांची चिंता. उत्तर चुकलें कीं दटावणी. त्यामुळें चांगलीं बुद्धिमान मुलें अंकांस भितात, आणि ‘मुलींस हें कशाला?’ असेंहि बोललें जातें. जें मूल दहाव्या एकापाशीं थबकून “येथेंच कां मोडलें?” असें विचारील, तें पाठांतरापलीकडे गेलें असें समजावें.

म्हणून एखाद्या सायंकाळीं घरांतील मुलामुलींस ११ चा, १११ चा, ११११ चा वर्ग क्रमानें करूं द्यावा. डौल कोठें मोडेल, हें मात्र वडिलांनीं आधीं सांगूं नये.