दुपारचे ऊन, संध्याकाळचा दिवा

मे महिन्यातली भर दुपार. गच्चीवर तीन किलोवॅटची सौर पॅनेल्स तापत होती आणि खाली घरात पंखा बंद पडला होता. गल्लीतली वीज गेली, तिच्याबरोबर आमचीही गेली. लाइनवर काम करायला आलेल्या वायरमनला मी वैतागून विचारले, "एवढं ऊन असताना माझी वीज का जावी?" तो म्हणाला, "काका, लाइन बंद झाली की तुमचा इन्व्हर्टर बंद व्हायलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेला मी तुमच्या विजेनं मरायचो."

बिलावरचे युनिट शून्यावर आले म्हणून मी स्वतःला विजेच्या बाबतीत स्वावलंबी समजत होतो. ती समजूत त्या दुपारी गळून पडली. मग वही घेऊन हिशेब मांडायला बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

गच्चीवरच्या एक किलोवॅट पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महाराष्ट्रातल्या उन्हात ते सरासरी दिवसाला चारेक युनिट वीज देते. म्हणजे माझ्या तीन किलोवॅटचे बारा. पण ते देते सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात आणि आमच्या घरात वीज लागते ती दिवेलागणीनंतर. दुपारची जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते, संध्याकाळी तेवढीच आत येते आणि नेट मीटर वजाबाकी करून मोकळा होतो. शेजारणीकडून वाटीभर साखर हातउसनी न्यावी आणि परत द्यावी, तसा हा व्यवहार दिसतो.

फरक असा, की साखर डब्यात राहते, वीज राहत नाही. मी दुपारी दिलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या गिरणीत किंवा दवाखान्यात खर्च झालेली असते. संध्याकाळी मला मिळते ती वेगळी, त्या क्षणी दुसरीकडे कुठेतरी तयार झालेली. कागदावर दोन्ही युनिट सारखी, प्रत्यक्षात नाहीत. तेव्हा संध्याकाळचे युनिट येते कुठून, हे पाहायला हवे.

त्यातला मोठा भाग कोळशाचा. चंद्रपूरसारख्या केंद्रांतले संच चोवीस तास धगधगतात, पण ते मनात येईल तेव्हा चालू-बंद करता येत नाहीत. दिवेलागणीला मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत धावून येणारी वीज पाण्याची. सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प त्यासाठीच मोलाचा आहे. त्याचा एक हजार मेगावॅटचा चौथा टप्पा तर मागणी शिगेला पोहोचते त्या थोड्या तासांसाठीच बांधला गेला. केवळ क्षमतेचा भागाकार केला, तर माझ्यासारखी साडेसहा लाख घरे कोयनेची बरोबरी करतात. पण साडेसहा लाख गच्च्या मिळूनही संध्याकाळी सात वाजता एक दिवा लावू शकत नाहीत.

म्हणून मोठे ते श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मोठ्या विजेची खर्चाची बाजूही वाचावी. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली खोपोलीहून जलविद्युत मिळू लागली. त्याच मुंबईला आणखी वीज हवी म्हणून मुळशीचे खोरे बुडायचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. धरण झालेच. पुढे १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वळवले गेले. शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न नातवंडांपर्यंत रेंगाळले. वीज दूरवर गेली आणि तिची किंमत एका खोऱ्याने मोजली. गच्चीवरच्या पॅनेलने कोणाचे गाव उठवलेले नाही, ही त्याची लहान बाब नव्हे.

मात्र पॅनेलच्या हिशेबातही एक न दिसणारी रक्कम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पण ते ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे त्याला. चाळीतला भाडेकरू या हिशेबात नाही. तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च काही अंशी युनिटच्या दरातून वसूल होतो. माझे युनिट शून्य झाले की त्या खर्चातला माझा वाटा हळूहळू त्याच्याकडे सरकतो. तारा मात्र मी रोज वापरतो, तेही दोन्ही दिशांनी.

मग छोट्या विजेचे खरे काम कोणते? उत्तर कोयनेच्या पाण्यातच आहे. कृष्णा पाणीवाटपात कोयनेला पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले आहे. ते दुपारी वापरले तर संध्याकाळी उरत नाही. दुपारचा भार गच्च्यांनी उचलला, तर तेवढे पाणी दिवेलागणीसाठी धरणात राहू शकते. बॅटरी घेतलेली नाही असे मी सांगत असे. वास्तविक कोयनेचे धरण हीच माझी बॅटरी आहे, आणि ती मोजून-मापून मिळालेली आहे. तिच्यावरचा भार कमी करणे एवढे तरी माझ्या हातात आहे. पाण्याचा पंप, धुण्याचे यंत्र, इस्त्री ही कामे आम्ही आता दुपारी उरकतो.

दुसरे साधन त्याहून साधे. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात, म्हणजे एका किलोवॅट पॅनेलची जवळजवळ दिवसभराची कमाई. गच्चीवरचा सौर बंब तेच काम विजेशिवाय करतो आणि उष्णता स्वतःच्या टाकीत रात्रभर जपतो. गोठ्यातला गोबरगॅसही याच जातीचा. शेण आणि माणूसबळ असेल तर तो तारेवाचून चालतो. ज्याला साठवता येते, ते छोटे साधन खरोखर स्वतःच्या पायावर उभे असते.

यंदा नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या अभ्यंगस्नानाचे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले असेल. ते घरचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र दारावरच्या माळेला वीज देणारे पाणी कोयनेच्या खोऱ्यातून आलेले असेल. पणत्या लावून झाल्या की ती विजेची माळ आम्ही लवकर मालवणार आहोत.