पार्किंगवरचे पाणी कुठे जाते?



१ सप्टेंबर २०२१ ची रात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 'आयडा' वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी नुवर्कवर एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पाडला. न्यू जर्सीत सुमारे ३० माणसे गेली, त्यातली बरीच रस्त्यावर, आपापल्या गाड्यांत अडकून. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या स्वयंपाकघरात खिचडीची पातेली चढली. उताराखालच्या गल्लीत डबे पोहोचवायला मीही गेलो होतो. तिथल्या एका वृद्ध अमेरिकन बाईंनी डबा घेतला, आभार मानले आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पाणी तुमच्या पार्किंगमधून आलं, ठाऊक आहे ना?"

खोटे कशाला सांगू, मला राग आला. मदत करायला जावे आणि वर हे ऐकावे! पण घरी येऊन हिशेब मांडला. एक एकर डांबरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २७ हजार गॅलन पाणी होते. आपले पार्किंग दीड एकराचे, म्हणजे दर इंचाला ४० हजार गॅलन. जागा घेतली तेव्हा तिथे शेत होते, बरेचसे पाणी जमिनीत मुरत असे. डांबर आपण टाकले. त्या निधीच्या पावत्या मीच फाडल्या होत्या.

यात बेकायदा काही नव्हते. गटाराची जाळी होती, परवानगी होती. पण त्या वेळचे राज्याचे नियम १९९९ पूर्वीच्या पावसाच्या आकड्यांवर बेतलेले होते. पुढे वाढत जाणारा पाऊस गृहीत धरून राज्याने ते २०२३ मध्ये बदलले, तेही मुख्यतः नव्या बांधकामांसाठी. जुने डांबर जसे आहे तसेच आहे.

मग जबाबदारी कोणाची? जमीन आपली, गटाराची नळी टाउनशिपची, पलीकडचा रस्ता काउंटीचा, ओढ्याचे नियम राज्याचे आणि पूरविमा केंद्र सरकारचा. पाणी मात्र या सगळ्यांच्या हद्दी ओलांडत खाली जाते. म्हणून आता कायदाच सगळ्यांना एकत्र बसायला लावू लागला आहे. फेब्रुवारी २०२१ पासून न्यू जर्सीतल्या गावांना विकास आराखड्यातील जमीनवापराचा भाग नव्याने करताना हवामानबदलाचे धोके तपासावे लागतात आणि आराखड्यावर जाहीर सुनावणी होते. २०१९ च्या कायद्याने गावांना पावसाच्या पाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारून डांबर-काँक्रीटच्या प्रमाणात शुल्क घेण्याची मुभा दिली. विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' म्हणून हिणवले. पण हा कर नसून शुल्क आहे, त्यामुळे उद्या आपल्या गावाने ते लावले तर धर्मादाय संस्था म्हणून आपण सुटू असे समजू नका. आपल्याच जागेत पाणी मुरवणाऱ्याला सवलत देण्याची तरतूद मात्र त्यात आहे.

माझे आजोळ धुळे जिल्ह्यातले, पांझरेकाठचे. तिथल्या फड पद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाणी पाटकरी देई. आपल्या मर्जीने कोणी पाटाचे दार उघडायचे नाही. तिथे पाणी कमी म्हणून हा नियम होता. इथे ते जास्त झाले आहे, एवढाच फरक.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे टाउनशिपच्या बैठकीला गेलो. त्या बाईही आल्या होत्या, घरात शिरलेल्या पाण्याचे फोटो घेऊन. तीन बैठकांनंतर ठरले ते असे : पार्किंगच्या खालच्या कडेला १४ गाड्यांची जागा सोडून आपण 'रेन गार्डन' करायचे, आणि टाउनशिपने गल्लीतली तुंबलेली नळी साफ करायची. रेन गार्डन म्हणजे इमारतीच्या पायापासून किमान १० फूट दूर खणलेला उथळ खड्डा, त्यात इथलीच झाडे. पाणी एक-दोन दिवसांत मुरले पाहिजे, म्हणजे डास होत नाहीत. आपल्याकडची माती लाल, चिकट. त्यामुळे आधी मुरण्याची चाचणी होईल. रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागाची माहितीपुस्तिका आपण वापरत आहोत.

विश्वस्त मंडळात यावर वाद झाला. गणेशोत्सवात आधीच गाड्या रस्त्यावर लागतात, हा आक्षेप रास्त आहे. त्या दहा दिवसांसाठी शेजारच्या शाळेचे पार्किंग मागितले आहे, उत्तर यायचे आहे. आणखी एक. आयडासारख्या पावसाला ही बाग पुरणार नाही. नेहमीच्या इंच-दीड इंचाच्या सरींचा भार तेवढा हलका होईल.

तोवर आपापल्या घराची कागदपत्रे पाहा. नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान येत नाही. केंद्राचा पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही. बेसमेंटमधल्या सामानाला तर त्यात फारच थोडे संरक्षण आहे. ज्येष्ठांना अर्ज भरायला मदत हवी असल्यास रविवारच्या आरतीनंतर मी कार्यालयात असतो.

बागेसाठी यथाशक्ती देणगी द्यावी. पावतीवर 'जलनिधी' असे लिहून घ्यावे. खोदाई ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी ९ वाजता. फावडी मंदिरात आहेत, जुने बूट आपले आणा. खालच्या गल्लीतले लोकही येणार आहेत, तेव्हा पोहे थोडे कमी तिखट करू.