तासाला ४ डॉलर: किराणा कामगारांच्या जोखीम भत्त्याचा हिशेब

तासाला ४ डॉलर जादा, मुदत १२० दिवस. १९ जानेवारी २०२१ रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराच्या नगर परिषदेने मोठ्या किराणा साखळ्यांवर हा जोखीम भत्ता सक्तीचा केला. तेव्हाच्या दराने ४ डॉलर म्हणजे सुमारे २९० रुपये. दोन आठवडे उलटायच्या आत, १ फेब्रुवारीला, क्रोगर या किराणा कंपनीने शहरातली आपली दोन दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले. तिथे मिळून सुमारे २०० जण कामाला होते. पुढच्या काही आठवड्यांत सिॲटलमधली दोन आणि लॉस एंजेलिसमधली तीन दुकानेही त्याच वाटेने गेली.

सक्तीमुळेच दुकाने बुडाली, असे कंपन्या म्हणू लागल्या. महामारीत बक्कळ कमावणारी कंपनी शहरांवर दबाव आणते आहे, असे कामगार संघटनांचे म्हणणे होते. या वादात आकडे दोन्हीकडून फेकले गेले, पण एकाच कागदावर क्वचितच मांडले गेले. ते मांडल्यावर एक गोष्ट ठळक दिसते: भत्ता रास्त होता आणि परवडणाराही होता, पण तो कोणी, किती दिवस आणि कोणत्या दुकानातून द्यायचा याचा विचार कायद्यात अपुरा होता.

जोखीम खरी होती का?

मे २०२० मध्ये बॉस्टनमधल्या एका किराणा दुकानातल्या १०४ कामगारांची कोविड चाचणी झाली. त्यातले २१ जण बाधित निघाले, म्हणजे दर पाचातला एक. या बाधितांपैकी तीन चतुर्थांश लोकांना कसलेही लक्षण नव्हते. ज्यांचा ग्राहकांशी थेट संबंध येत होता त्यांच्यात बाधेची शक्यता इतर कामगारांच्या पाचपट होती. गल्ल्यावरचे काम डोळ्यांसमोर आणले की हे का झाले ते कळते. ग्राहकाने पट्ट्यावर ठेवलेला एकेक जिन्नस हातात घ्यायचा, स्कॅन करायचा, पिशवीत भरायचा, पैसे घ्यायचे, पावती द्यायची आणि लगेच पुढच्या ग्राहकाकडे वळायचे. मध्ये असलाच तर प्लास्टिकचा एक पारदर्शक पडदा.

मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात कॅलिफोर्नियात काम करण्याच्या वयातल्या लोकांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त झाले. अन्न व शेती क्षेत्रात हीच वाढ ३९ टक्के होती. या आकड्यात शेतमजूर आणि स्वयंपाकीही येतात, तरी अन्न पिकवणाऱ्यांपासून विकणाऱ्यांपर्यंतच्या साखळीने किती मोल मोजले ते त्यातून कळते.

बाजाराने आपणहून काय दिले?

ज्या कामात त्रास किंवा धोका अधिक, तिथे मजुरीही अधिक हवी, हा विचार ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडला होता. सुरुवातीला कंपन्या तशा वागल्याही. क्रोगरने मार्च २०२० अखेरीस तासाला २ डॉलरचा भत्ता सुरू केला, पण मेच्या मध्यावर तो थांबवला आणि एकरकमी बक्षीस दिले. कॅलिफोर्नियातली सर्वांत भीषण लाट त्यानंतर सात महिन्यांनी आली. कॅनडात तर लोब्लॉ, मेट्रो आणि एम्पायर या तिन्ही बड्या साखळ्यांनी आपला २ डॉलरचा भत्ता जून २०२० मध्ये जवळपास एकाच वेळी बंद केला. त्यावर संसदीय समितीने तिन्ही कंपन्यांच्या प्रमुखांना जाब विचारला, आणि पुढे आपसात संगनमत करून वेतन ठरवणे तिथे फौजदारी गुन्हा झाले.

ब्रुकिंग्ज संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या १३ मोठ्या किरकोळ विक्री कंपन्यांचा हिशेब काढला. त्यांचा नफा आदल्या वर्षापेक्षा एकूण १६.७ अब्ज डॉलरने, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढला होता. कामगारांच्या पदरात पडलेली सरासरी वाढ होती तासाला १.११ डॉलर. लाट ओसरण्याची वाट न पाहता भत्ता मागे घेतला गेला, कारण गल्ल्यावरच्या माणसाकडे नकार देण्याची ताकद नव्हती. बेकारी वाढलेल्या काळात 'धोका वाटतो तर नोकरी सोड' हा सल्ला पोकळ ठरतो.

२,००० डॉलरचे तीन आकडे

१२० दिवस म्हणजे सुमारे १७ आठवडे. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याला तासाला ४ डॉलरने २,७२० डॉलर मिळतात. या व्यवसायात अर्धवेळ कामगार पुष्कळ असतात, म्हणून सरासरी ३० तास धरू. तसे धरल्यास माणशी रक्कम २,०४० डॉलर होते.

आता क्रोगरचा ताळेबंद पाहू. कंपनीकडे सुमारे ४ लाख ६५ हजार कामगार होते. निव्वळ नफा २०१९ च्या आर्थिक वर्षात १६५.९ कोटी डॉलर होता, तो २०२० मध्ये २५८.५ कोटींवर गेला. वाढलेला नफा माणशी वाटला तर सुमारे १,९९० डॉलर येतात. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने स्वतःचेच १०० कोटी डॉलरचे शेअर परत विकत घेण्याची योजना जाहीर केली. ती रक्कम माणशी २,१५० डॉलर पडते.

भत्ता, वाढीव नफा आणि शेअर खरेदी हे तिन्ही आकडे २,००० डॉलरच्या आसपास आहेत. साखळीतल्या प्रत्येक कामगाराला चार महिने ४ डॉलर द्यायला लागणारा पैसा कंपनीकडे होता, आणि तेवढाच पैसा भागधारकांसाठी बाजूला काढलाही गेला होता. महामारीत कामगारांवर आणि सुरक्षेवर दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च केल्याचे कंपनीने सांगितले. तो मान्य केला तरी वरचा नफा हा खर्च वजा जाऊन उरलेला आहे.

पण हेच गणित कंपनीच्या बाजूनेही बोलते. ४ डॉलरचा भत्ता चार महिन्यांऐवजी वर्षभर सर्वांना दिला, तर खर्च २९० कोटींवर जातो. २१ टक्के कंपनी कराची सूट धरूनही तो २२९ कोटी राहतो, म्हणजे जवळजवळ सगळा नफा. १३,२५० कोटींच्या विक्रीवर क्रोगरचा निव्वळ नफा २ टक्क्यांहूनही कमी होता. किराणा हा विक्री मोठी आणि नफा बारीक असा धंदा आहे. त्यामुळे तासाचा दर ३ डॉलर की ५ यापेक्षा भत्ता किती महिने चालणार हा प्रश्न मोठा ठरतो.

मग दुकाने का बंद झाली?

क्रोगरची तेव्हा २,७४२ सुपरमार्केट होती. बंद झालेली सात म्हणजे साधारण चारशेतले एक. १०० कामगारांच्या दुकानाला १२० दिवसांचा भत्ता सुमारे २ लाख ४ हजार डॉलरला पडतो. वर्षाला ९ लाख नफा मिळवणारे दुकान हा भार सोसते. ज्याचा नफा लाखभरच आहे ते तोट्यात जाते. लाँग बीचची दुकाने बऱ्याच काळापासून नीट चालत नव्हती, असे खुद्द कंपनीचेच म्हणणे होते. चार महिन्यांच्या खर्चापायी कोणी धडधाकट दुकान कायमचे बंद करत नाही. भत्त्याने आधीच डळमळणाऱ्या दुकानाचा निकाल लवकर लावला, असाच याचा अर्थ निघतो. मात्र लाँग बीच आणि लॉस एंजेलिस या दोन्ही शहरांत बंद झालेल्यांपैकी एकेक दुकान फूड फोर लेस या क्रोगरच्याच स्वस्त मालाच्या साखळीचे होते. त्याची झळ कामगारांइतकीच गरीब ग्राहकांनाही बसली, हे विसरून चालणार नाही.

खर्च भावात का चढवला नाही? किमान वेतन १० टक्क्यांनी वाढले की अमेरिकेतल्या किराण्याचे भाव ०.३६ टक्के वाढतात, असे सुपरमार्केटांच्या विक्री नोंदींवरचा अभ्यास सांगतो. लाँग बीचमध्ये किमान वेतन १४ डॉलर होते. त्यावर ४ डॉलर म्हणजे २९ टक्के वाढ. त्याच प्रमाणात भाव चढले असते तर १०० डॉलरच्या खरेदीमागे साधारण १ डॉलर वाढला असता. पण अमेरिकी साखळ्या निरनिराळ्या शहरांतही बहुतांशी एकसारखेच भाव ठेवतात, आणि पलीकडच्या शहरात, जिथे भत्ता नाही, स्पर्धक उभा असतो. एका शहरापुरता खर्च म्हणूनच भावात न जिरता त्या शहरातल्या दुकानांच्या नफ्यातून निघतो.

सक्तीतले कच्चे दुवे

लाँग बीचचा नियम देशभरात ३०० हून अधिक कामगार असलेल्या साखळ्यांना लागू होता. सिॲटलने ही मर्यादा ५०० ठेवली. सॅन होजेत भत्ता ३ डॉलर, लॉस एंजेलिस आणि ओकलंडमध्ये ५. सिॲटलने तर दिवसांची मुदतच घातली नाही आणि भत्ता शहराच्या आणीबाणीशी जोडला. तिथे डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेने तो रद्द करण्याचा ठराव केला, महापौरांनी तो फेटाळला, आणि भत्ता २०२२ पर्यंत चालत राहिला. न्यायालयाने लाँग बीचचा नियम उचलून धरला, त्यामुळे शहरांना हा अधिकार आहे हे ठरले. अधिकार नीट कसा वापरायचा हे मात्र ठरायचे राहिले.

सक्ती नसलेल्या ठिकाणीही परिणाम झाला, पण निखळ नव्हे. ट्रेडर जोज कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर भत्ता २ वरून ४ डॉलर केला, आणि त्याच वेळी वर्षाच्या मध्यावर होणारी वेतनवाढ रद्द केली. कॉस्टकोने वर्षभर २ डॉलर दिले आणि नंतर त्यातला १ डॉलर कायमच्या वेतनात घातला. कामगाराला टिकाऊ फायदा दुसऱ्या वाटेनेच झाला.

पैसा सरकारी तिजोरीतून देण्याची वाटही होती. मे २०२० मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने अत्यावश्यक कामगारांना तासाला १३ डॉलर जादा देण्यासाठी २०० अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला, पण सिनेटने तो पुढे जाऊ दिला नाही. मार्च २०२१ च्या कायद्याने राज्यांना आणि शहरांना मदतनिधीतून असा भत्ता द्यायची मुभा मिळाली. तोवर महामारीचे पहिले वर्ष सरले होते.

पुढच्या साथीआधी कायदा असा हवा: रुग्णसंख्येची ठरावीक पातळी गाठली की भत्ता आपोआप सुरू व्हावा आणि ती खाली गेली की थांबावा, तो शहराऐवजी राज्यभर लागू असावा, पहिले काही महिने मोठ्या कंपन्यांनी द्यावा, त्यापुढचा काळ आणि तोट्यातल्या दुकानांचा भार सरकारने उचलावा, आणि त्याच्या आडून नेहमीची वेतनवाढ कापायला मनाई असावी. ज्या कामाला सरकार अत्यावश्यक ठरवते, त्यातल्या जोखमीची किंमत ठरवणेही सरकारचेच कर्तव्य आहे, आणि ते साथ येण्याआधीच पार पाडले पाहिजे.