शाळेच्या आवारातली खापरे

गावात शाळेची नवी खोली बांधायची ठरते. पाया खणायला सुरुवात होते. हातभर खाली गेले, की कुदळीला खापरे लागतात. एखादा मणी निघतो. राखेचा पट्टा दिसतो. मुले खापरे खिशात भरतात. कोणी म्हणतो, "धन असेल, रात्री खणू." दुसरा म्हणतो, "बोलू नका, सरकार काम बंद पाडील." अशा वेळी काय करावे, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

काळी आणि पांढरी

काळीत पीक येते, पांढरीत माणूस राहतो. हे शेतकऱ्याला सांगायला नको. मातीची भिंत पडते. तिच्यावर नवी उभी राहते. चुलीची राख, केरकचरा, फुटकी मडकी साठत जातात. शेकडो वर्षे असं चाललं, की जमीन उंच होते. तेच पांढरीचे टेकाड. कणगीत आधी ओतलेले धान्य तळाशी असते. तसेच इथे जुने खाली आणि नवे वर असते. मात्र कोणी खड्डा खणला, तर वरचे खाली जाते आणि सगळा घोळ होतो.

तपास कसा करतात?

जाणकार लोक आले, तरी लगेच खणत नाहीत. आधी गावच्या म्हाताऱ्यांना विचारतात, "हे मैदान सपाट केलं, तेव्हा माती कुठून आणली?" कारण खापरे भरावाच्या मातीबरोबर दुसरीकडून आलेली असू शकतात. मग मैदानावर दोरीने चौकोन आखतात. कोणत्या चौकोनात काय मिळाले, ते कागदावर मांडतात. जिथे वस्तू दाट, तिथे लहानसा चर घेतात. माती थराथराने काढतात आणि चाळतात. वस्तू किती खोल होती, कशाशेजारी होती, ते लिहून ठेवतात. कोळसा मिळाला, तर प्रयोगशाळेत त्याचे वय काढता येते.

सगळे मैदान खणावेच लागते, असं नाही. भराव निघाला, तर काम पुढे चालते. जुनी वस्ती निघाली, तरी पुष्कळदा खोली थोडी सरकवून भागते.

फुटके खापर काय कामाचे?

संगमनेर तालुक्यात जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. लाल रंगाची, काळ्या रेघांची, खणखणीत वाजणारी भांडी मिळाली. ती तीन हजार वर्षांपूर्वीची. आता तसे खापर दुसरीकडे दिसले, की त्या वस्तीचा काळ अंदाजे कळतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. १३० हून अधिक घरे सापडली. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून कळले, की ते लोक जव पिकवीत. मेलेले मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. सोन्याच्या हंड्यापेक्षा ही माहिती मोलाची. हंडा धनाची गोष्ट सांगतो, ही खापरे माणसांची सांगतात.

दायमाबादचा धडा

प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एक माणूस झुडपाचे मूळ खणत होता. त्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ आणि हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंहून जास्त! ठेवा वाचला, हे आपले भाग्य. पण मूर्ती उत्खननात निघाल्या नव्हत्या. त्या जागेवरून कशा उचलल्या गेल्या, भोवती काय होते, याची नोंद तेव्हा झाली नाही. म्हणून त्यांच्या वयाबद्दल पंडितांत वाद पडला. कोणी म्हणतात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. कोणाला ते पटत नाही. मूर्ती हाती आहेत, पण त्यांचा नेमका काळ सांगणारी साक्ष गेली. त्या बिचाऱ्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला आता माहीत झाले आहे.

आपण काय करावे?

खणणे थांबवावे. वस्तू धुऊ-घासू नये. जी निघाली, ती कागदात गुंडाळावी आणि वर जागा व तारीख लिहावी. खड्डा झाकावा. शिक्षक व ग्रामपंचायतीला सांगावे, आणि त्यांच्यामार्फत तहसीलदाराला व पुरातत्त्व खात्याला कळवावे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. लपवणे हा गुन्हा आहे.

आणि मुलांच्या खिशातली खापरे? रागावू नये. "बाळा, कुठं मिळालं, दाखव," असं विचारावं. ती जागा त्याला ठाऊक असते. आणि तपासाला आधी जागाच लागते.