इंग्रजीतील परिमाणदर्शक शब्दांचा वाक्यात उपयोग : मराठी भाषिक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात संत्री व कापूस ही प्रमुख पिके होत. येथील विद्यार्थी 'संत्री किती आहेत?' आणि 'कापूस किती आहे?' हे दोन्ही प्रश्न 'किती' या एकाच शब्दाने विचारतो. इंग्रजीत मात्र संत्र्यांसाठी 'हाउ मेनी' व कापसासाठी 'हाउ मच' असे भिन्न प्रयोग करावे लागतात. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

गणनीय व अगणनीय नामे :
गणनीय अनेकवचनी नामांसोबत 'नंबर ऑफ', 'मेनी', 'फ्यू', तर अगणनीय नामांसोबत 'अमाउंट ऑफ', 'मच', 'लिटल' योजतात. बँकेतील व्यवहारामुळे 'अमाउंट' म्हणजे केवळ 'रक्कम' असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः 'अमाउंट ऑफ वॉटर' हाही तितकाच शुद्ध प्रयोग आहे. रुपये मोजता येतात. तथापि 'मनी' हे नाम अगणनीय मानले जाते. म्हणजेच हा भेद वस्तूचा नसून नामाचा आहे. मराठीत 'सल्ले', 'पुरावे' ही अनेकवचने शुद्ध आहेत. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' व 'एव्हिडन्स' ही नामे सामान्यतः अनेकवचनात येत नाहीत.

एकक जोडले की अगणनीय वस्तूही मोजता येते. उदा. 'टेन क्विंटल्स ऑफ कॉटन'. मात्र दहा क्विंटल हे एकत्रित परिमाण अभिप्रेत असल्यास क्रियापद एकवचनी 'इज' येते.

अर्थभेद :
'कमी' या शब्दासाठी गणनीय नामांसोबत 'फ्यूअर' वापरावा, असे मत रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये मांडले होते. व्यवहारात 'लेस' अनेकदा दोन्हीकडे आढळतो. परंतु शोधनिबंधात ही शिथिलता घातक ठरू शकते. 'फ्यूअर क्वालिफाइड टीचर्स' म्हणजे पात्र शिक्षकांची संख्या कमी; 'लेस क्वालिफाइड टीचर्स' म्हणजे शिक्षकांची पात्रताच कमी, असा अर्थ सहज घेतला जातो. एका शब्दाने निष्कर्ष बदलतो आणि शिक्षकांवर अकारण ठपका येतो.

निष्कर्ष :
विद्यार्थ्याची चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या रचनेतून आलेली असते. मराठीतील 'आहेत' व 'आहे' या क्रियापदरूपांत हा भेद बहुतांशी दिसतोच. अध्यापकाने उत्तरपत्रिकेवर केवळ लाल रेघ न ओढता तेथूनच अध्यापनास प्रारंभ करावा आणि 'ॲडव्हाइस'सारखे अपवाद स्वतंत्रपणे शिकवावेत.