सिनेमातले भूत घरी येते तेव्हा

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात ठरावीक तक्रारी घेऊन मुले येऊ लागतात. सर्दी, खोकला, पावसात भिजून आलेला ताप हे तर असतेच. पण त्यांत दोन-चार मुले अशी असतात की तपासून काहीच सापडत नाही. पोट दुखते म्हणतात, रात्री झोपत नाहीत, एकटी संडासला जात नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाचे बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झालेले असते. आई जंताचे औषध मागते. अशा वेळी मुलाला जवळ बसवून, "सुट्टीत काय काय पाहिलेस रे?" एवढे विचारले की बहुधा उलगडा होतो. मामाच्या गावी सगळ्या भावंडांनी मिळून रात्री भुताचा सिनेमा पाहिलेला असतो. मोठी भावंडे हसून विसरून गेलेली असतात. धाकटा मात्र ते भूत बरोबर घेऊन घरी आलेला असतो.

हा प्रकार काही आजचा नाही. वाचकांपैकी जे आज पन्नाशी-साठीचे आहेत त्यांनी आपले लहानपण आठवावे. कोणाला 'महल' (१९४९) मधला झोपाळा आठवेल, कोणाला 'बीस साल बाद' (१९६२), तर कोणाला 'वह कौन थी' (१९६४) मधली पावसातली पांढरी साडी. पुढे रामसे बंधू आले आणि भुते पांढरी साडी सोडून मातीतून वर येऊ लागली.

या रामसे बंधूंचा आणि आपल्या डोंगराचा संबंध आहे, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. त्यांच्या वडिलांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या सिनेमात पृथ्वीराज कपूर भीतिदायक मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, असा एक प्रसंग होता. सिनेमा पडला, पण तेवढ्या एका प्रसंगाला लोक दचकून गेले. हे थिएटरात बसून पाहिलेल्या भावांनी ठरवले की आता फक्त भीतीचेच सिनेमे काढायचे. त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) तयार झाला, आणि त्याचे चित्रीकरण झाले आपल्या शेजारी महाबळेश्वरला, एका सरकारी विश्रामगृहात. सगळे कुटुंबच तेथे उतरले होते. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजाच्या कामावर, दोघे दिग्दर्शनाला आणि स्वयंपाकाला घरातल्याच बायका. थोडक्यात म्हणजे, देशभरातल्या मुलांची झोप ज्या सिनेमाने उडवली तो घरगुती डबा खाऊन तयार झालेला होता. दचकणाऱ्या मोठ्या मुलांना मी ही हकिकत मुद्दाम सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलावर तिचा चांगला परिणाम होतो. पाच वर्षांच्या मुलावर मात्र काहीही होत नाही, आणि आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते हेच.

मूल कशाला भिते हे त्याच्या वयावर अवलंबून असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोॲन कँटर यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे दिसले की सात-आठ वर्षांखालील मूल प्रामुख्याने दिसण्याला भिते. चेहरा विद्रूप असेल, किंवा पाहता पाहता चांगल्या माणसाचे रूप पालटत असेल, तर ते मूल घाबरते. मग ते पात्र गोष्टीत सज्जन का असेना. तेथे टीव्हीवर 'हल्क' नावाचा हिरवा राक्षस दाखवीत, जो खरे तर लोकांना वाचवतो. मोठी मुले त्याला पाहून खूश होत, बालवाडीतली मुले रडत.

आपल्याकडचे उदाहरण 'झपाटलेला'चे (१९९३) आहे. महेश कोठारे यांचा हा सिनेमा विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहून मोठी माणसे पोट धरून हसली. पण रामदास पाध्ये यांनी बनवलेला तात्या विंचूचा बाहुला पाहून कित्येक घरांत लहान मुलांनी आपल्या बाहुल्या रात्री खोलीबाहेर ठेवायला लावल्या. आज तिशी-पस्तिशी ओलांडलेली माणसे मला हे लाजत सांगतात. लाजण्यासारखे त्यात काहीच नाही. आईवडिलांनी विनोदी सिनेमा पाहिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने भयपट पाहिला, इतकाच त्याचा अर्थ.

आठ-नऊ वर्षांनंतर मात्र मूल विद्रूप चेहऱ्याला फारसे भीत नाही. 'हे माझ्या बाबतीत घडू शकेल' असे जे वाटते त्याला भिते. याचेही उदाहरण आपल्या दारातच आहे. 'तारे जमीन पर' (२००७) मधली निवासी शाळा म्हणजे आपल्या पाचगणीचे न्यू एरा हायस्कूल. त्या सिनेमात भूत नाही, रक्त नाही, मोठ्यांनी तो डोळे पुसत पाहिला आणि वाखाणला. पण आईवडील मुलाला वसतिगृहात सोडून गाडीत बसून निघून जातात, हा प्रसंग आठ-दहा वर्षांच्या मुलाला कोणत्याही हडळीपेक्षा जास्त भीती घालतो. 'अभ्यास केला नाहीस तर पाचगणीला टाकीन' अशी धमकी ज्या घरात दिली जाते, तेथे तर विचारूच नका. ज्या गावात मुले शिकावीत म्हणून लोक लांबून येतात, त्या गावाचे नाव बागुलबुवासारखे वापरले जावे याचे मला गावकरी म्हणून वाईट वाटते.

आता ही भीती शरीरात कोठे बसते ते पाहू. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची सूचना देण्यात याचा मोठा वाटा असतो. विचार करणारा मेंदू 'हा सिनेमा आहे' असे म्हणेपर्यंत या भागाने घंटा वाजवलेली असते. छाती धडधडते, हाताला घाम येतो, अंगावर काटा उभा राहतो. विशेषतः अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला दचकणे हे तर जन्मापासूनचे आहे, आणि भयपट काढणारे त्यावरच पोट भरतात. विश्वास नसेल तर अशा सिनेमाचा आवाज पूर्ण बंद करून पाहा. निम्मे भूत जागीच मरते.

अडचण अशी की हा भाग शिकतो लवकर आणि विसरतो फार सावकाश. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक सिनेमांविषयी विचारले. शंभरात सुमारे नव्वद जणांनी, अशी भीती आपल्याला बसली होती, असे सांगितले आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मनात तिचा काही अंश तेव्हाही शिल्लक होता.

शिल्लक राहिलेली भीती काय करते ते एका रुग्णावरून सांगतो. पन्नाशी ओलांडलेले, स्वभावाने धीट, शेतीवाडी सांभाळणारे गृहस्थ. दीड-दोन वर्षांत दुसऱ्यांदा मुतखड्याच्या कळा घेऊन आले. पाणी भरपूर पिता का, विचारले तर म्हणाले, "दुपारपर्यंत पितो डॉक्टर, नंतर नाही." का, ते सांगेनात. शेवटी बायकोनेच सांगितले की संडास परड्यात आहे आणि हे रात्री उठून एकटे जात नाहीत. जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मूळ शोधता शोधता आम्ही जाऊन पोहोचलो १९८४ च्या 'पुराना मंदिर'पर्यंत. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, गल्लीतल्या पंधरा-वीस पोरांबरोबर तो पाहून ते अंधारातून एकटे घरी आले होते. त्यातला तो उंच राक्षस साकारणारा नट शिक्षणाने इंजिनिअर होता, असे मी त्यांना सांगितले. ते हसले. पण रात्रीचे पाणी काही सुरू झाले नाही. ज्ञान वेगळे आणि दचकणे वेगळे!

मग उपाय काय? पहिल्यांदा काय करू नये ते सांगतो, कारण घरोघर तेच केले जाते. 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवू नये. भीती मोडावी म्हणून मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नये. तोच सिनेमा जबरदस्तीने पुन्हा दाखवू नये. मुलगा झोपेत किंचाळतो म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर माझी हरकत नाही, त्या निमित्ताने मुलाला मांडीवर तरी घेतले जाते. परंतु भूत उतरवण्यासाठी मारणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य खर्ची घातले, हे या जिल्ह्यात तरी विसरले जाऊ नये.

लहान मुलाला, म्हणजे सात वर्षांपर्यंतच्या, 'ते खोटे असते' असे समजावण्यात वेळ घालवू नये. त्याला खरे-खोटे अजून पुरते वेगळे करता येत नाही. त्याला जवळ घ्यावे, पाणी द्यावे, दिवा लावावा, आवडीचे पांघरूण द्यावे. काही दिवस शेजारी झोपवले तर मूल बिघडत नाही. आठ वर्षांवरच्या मुलाशी मात्र बोलावे. कशाची भीती वाटली ते त्याच्या शब्दांत ऐकून घ्यावे, मधेच हसू नये. मुखवटा कसा करतात, रक्त म्हणून काय वापरतात हे दाखवावे. वसतिगृहाची भीती असेल तर 'आम्ही अमुक रविवारी भेटायला येऊ' असे सांगावे आणि त्या रविवारी खरोखर यावे.

भीती मुरलेली असेल तर पायरी-पायरीने जावे लागते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या लहान मुलावर हे करून दाखवले. तो खाण्यात रमलेला असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. आमच्या मुतखडेवाल्या पाहुण्यांनाही तेच दिले. पहिला आठवडा दिवा लावून, बायको दारात उभी. दुसरा आठवडा बायको घरात, पण जागी. मग दिव्याऐवजी बॅटरी. धडधड सुरू झाली तर पळत आत यायचे नाही, ती ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे. दोन महिने लागले. मधे अमावास्येला एकदा गाडे मागे गेले होते, ते धरून.

पूर्वी भुताचा सिनेमा पाहायला निदान चार माणसे बरोबर असत. आता मूल पांघरुणात, कानाला इअरफोन लावून, एकटेच मोबाईलवर पाहते आणि एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे वेगळे वर्ग झाले आहेत. ते पाहण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. निदान झोपण्यापूर्वी फोन आपल्या उशाशी घ्यावा.

एक फरक मात्र ओळखायला हवा. मूल पहाटे स्वप्नाने जागे होऊन, काय दिसले ते सांगून बिलगत असेल तर ते साधे दुःस्वप्न. झोपल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठते, डोळे उघडे पण ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, हा वेगळा प्रकार. त्यात मुलाला हलवून जागे करू नये. लागणार नाही एवढी काळजी घ्यावी, ते आपोआप शांत होते. पण झटके येऊन अंग ताठ होत असेल, तर सिनेमाला दोष न देता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. भीती महिनाभर टिकली, शाळा बुडू लागली, जेवण कमी झाले किंवा अंथरूण ओले करणे थांबेना, तरीही दाखवावे. घराबाहेर बोलायचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.